ओपल दोघींचीही पत्रकं छापायची

"मागची बाजू तुमची आहे, मिसेस कूली. पुढची आमची."

"ती कशी काय? कागद हातात धरला की वर येते ती पुढची. मी धरला तेव्हा माझी वर होती!"

"कारण तुम्ही तो तसा धरलात."

"मग कसा धरायचा? आता कागद धरायलाही तुमच्याकडून शिकू?"

माझी भावजय ओपल स्टिकली टेबलाशी बसून घेवड्याचे दाणे निवडत होती. टेबलाच्या एका टोकाला डॉक्टर लॅन्डिसांची बायको कॉन्स्टन्स, हातमोजे न काढता. दुसऱ्या टोकाला पेट्रोलपंपवाल्या कूलीची बायको बर्डी, कोट न काढता. मधे तो कागद. दोघी आळीपाळीने त्याला धिरड्यासारखा उलटवत होत्या. मी चुलीपाशी कॉफी गाळत उभी होते आणि ती जितकी सावकाश गाळता येईल तितकी गाळत होते.

आमच्या हॅरो गॅपचं हायस्कूल येत्या सोमवारी, कोर्टाच्या हुकमाने, पाच महिन्यांनी उघडणार होतं. आदल्या सप्टेंबरात, म्हणजे १९५८ साली, कोर्टाने त्यात बावीस काळ्या मुलांना घ्यायला सांगितलं, तेव्हा व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने शाळेलाच कुलूप घातलं. हजार गोऱ्या मुलांना बावीस काळ्यांशेजारी बसावं लागू नये, म्हणून हजारच्या हजार घरी बसवली. याला आम्ही तत्त्व म्हणायचो. ती बावीस मुलं तोवर साठ मैलांवरच्या शाळेत जायची, सोमवारी गेलेली शुक्रवारी परतायची, कारण आमच्या तालुक्यात त्यांच्यासाठी हायस्कूल नव्हतंच. त्याने कुणाच्या शिक्षणाचं नुकसान होत असेल असं आम्हाला कधी वाटलं नाही. नुकसान म्हणजे काय ते आम्हाला सप्टेंबरात कळलं. फुटबॉलचे सामने मात्र थँक्सगिव्हिंगपर्यंत व्यवस्थित झाले. शाळा बंद, शाळेचा संघ चालू. एवढी तडजोड दोन्ही पक्षांना मान्य होती.

हो, पक्ष दोन होते. बर्डीचं राखणदार मंडळ आणि कॉन्स्टन्सची विवेकी पालक समिती. राखणदारांचं म्हणणं, शाळेत एकही काळं मूल नको, कधीच नको, मग शाळा उरली नाही तरी बेहत्तर. विवेकी पालकांचं म्हणणं, काळी मुलं नकोतच, पण ते असं ओरडून सांगू नये. अर्ज मागवावेत, चाचण्या घ्याव्यात, एक फॉर्म भरून झाला की दुसरा द्यावा, असं करत करत बाविसांचे दोन-तीन करावेत आणि शाळाही राहावी. बर्डीच्या मते विवेकी म्हणजे हातमोजे घातलेले फितूर. कॉन्स्टन्सच्या मते राखणदारांमुळे गावाचं नाव वर्तमानपत्रात येत होतं, आणि तेही आतल्या पानावर नाही, पहिल्या.

या दोन्ही पक्षांची पत्रकं ओपल छापायची.

तिने तसं ठरवलं नव्हतं. ओपलने आयुष्यात फारसं काही ठरवलेलंच नव्हतं. डोंगरातल्या सफरचंदाच्या बागेत वाढली. अकरावीत असताना आई अंथरुणाला खिळली तेव्हा घरी बसली, आई गेल्यावर गिरणीच्या ऑफिसात टाइप करायला लागली, तिथे माझ्या भावाने, व्हर्जिलने, तिला पगाराच्या रांगेतून पाहिली. लग्नानंतर तिने नोकरी सोडली पण सवयी सोडल्या नाहीत. ती मेणकागद धुऊन वाळवायची. डुकराच्या चरबीचा शेवटचा थेंब डब्यात निथळायची. पाठकोरा कागद फेकला तर देव विचारेल, अशी तिची खात्री होती. बाप्टिस्ट चर्चने जुनं सायक्लोस्टाईल मशीन मोडीत काढलं तेव्हा ते तिच्याकडे आलं, कारण बाकी कुणाला त्याची शाई नखांतून काढायची हौस नव्हती. शाळेत एक नवंकोरं मशीन होतं. ते कुलपाच्या आत राहिलं. म्हणजे शाळा बंद ठेवा म्हणणाऱ्यांना ते मशीन वापरता येईना, कारण शाळा बंद होती.

तेव्हा आधी बर्डी आली. ती आमच्याच चर्चची. "सिस्टर ओपल, एवढं छापून दे, देवाचं काम आहे." ओपल म्हणाली, "बघते." नोव्हेंबरात कॉन्स्टन्स आली. ती प्रेस्बिटेरियन. "मिसेस स्टिकली, तुमचं टायपिंग फार स्वच्छ आहे असं ऐकलं." ओपल म्हणाली, "बघते." ओपलचं 'बघते' म्हणजे 'हो', हे आम्हा घरच्यांना ठाऊक होतं. त्या दोघींनाही लगेच कळलं. दोघींचीही समजूत होती की ओपल मनातून आपल्याच बाजूची आहे, त्यामुळे दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसून एकमेकींबद्दल मोकळेपणाने बोलायच्या. ओपल हँडल फिरवायची.

मागच्या शुक्रवारी बर्फ पडला. नवा कागद आणायला जायचं तर वीस मैलांवर, आणि व्हर्जिलच्या ट्रकच्या चाकांना बर्फात बांधायच्या साखळ्या नव्हत्या. बर्डीची चारशे पत्रकं छापून, वाळून, पालथी ठेवलेली होती. कॉन्स्टन्सची चारशे छापायची होती. ओपलने पांढरी बाजू पाहिली, गठ्ठा उचलला, मशीनला लावला आणि चारशेच्या चारशे छापली. मग चूक कळली. दुसरी कुणी असती तर तिने ती सरळ शेगडीत घातली असती. ओपलने चारशे चांगले कागद शेगडीत घालणं शक्य नव्हतं. तिने त्यांचे दोन गठ्ठे केले. एका गठ्ठ्यावर राखणदार वर, दुसऱ्यावर विवेकी वर, आणि शनिवारी ज्याचे त्याला देऊन टाकले. रविवारी प्रार्थनेनंतर दोन्ही पक्षांनी आपापल्या चर्चच्या पायऱ्यांवर ती वाटली.

चार दिवस कुणाच्याही लक्षात आलं नाही.

खोटं कशाला बोलू, मी स्वतः ते पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं होतं. मला वाटलं, पुढे चालू आहे. एका बाजूची सुरुवात 'आपल्या लेकरांच्या भल्यासाठी' अशी, दुसरीचीही तशीच. एक बाजू 'देव आपल्याला बळ देवो' म्हणून संपत होती, दुसरी 'देव आपल्याला शहाणपण देवो' म्हणून. मधे एकीकडे 'कधीही' होतं आणि दुसरीकडे 'सध्या'. आमच्या पास्टरांनी बर्डीला सांगितलं की या वेळचं पत्रक विशेष सखोल झालंय. कॉन्स्टन्सला तिच्या समितीतल्या एका वकिलाने फोन करून अभिनंदन केलं, दोन्ही अंगांनी विचार केलाय म्हणून.

गुरुवारी सकाळी बर्डीच्या नवऱ्याने पंपावर तेलाचे हात त्या कागदाला पुसले आणि पुसता पुसता विवेकी पालक समितीचं नाव वाचलं. त्याने बर्डीला सांगितलं, बर्डीने फोनवर बहिणीला. आमच्या रस्त्यावरच्या आठ घरांची टेलिफोनची तार एकच, एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, त्यामुळे अर्ध्या तासात बर्डी आणि कॉन्स्टन्स दोघीही ओपलच्या स्वयंपाकघरात हजर.

"मिसेस स्टिकली," कॉन्स्टन्स म्हणाली, "हे तुम्ही मुद्दाम केलंत, असं मला म्हणायचं नाही."

"मला म्हणायचंय," बर्डी म्हणाली. "ओपल, हे तू मुद्दाम केलंस?"

"कागद नव्हता," ओपल म्हणाली.

"कागद नव्हता म्हणून तू मला हिच्या पाठीला चिकटवलंस?"

"माझ्या पाठीला नाही. मघाशीच ठरलं, मागची बाजू तुमची."

"काही ठरलेलं नाही!"

ओपलने एक खडा शोधून बशीत टाकला. तिचं अर्धं लक्ष या भांडणात नव्हतं हे मला माहीत होतं. मंगळवारी एक पत्र आलं होतं, ते तिच्या एप्रनच्या खिशात होतं. माझी भाची डोरीन, ओपलची एकुलती एक, सतरा वर्षांची, बारावीला. तिने शहरातल्या मोठ्या इस्पितळात नर्सिंगच्या वर्गासाठी अर्ज केला होता. त्यांनी कळवलं होतं की सप्टेंबरच्या तुकडीत तिची जागा धरली आहे. फक्त जूनपर्यंत मान्यताप्राप्त हायस्कूलचा डिप्लोमा पाठवावा.

डोरीन सप्टेंबरपासून चर्चच्या तळघरात शिकत होती. ती शाळा राखणदारांनी उघडली होती, आणि विवेकी पालकांनी तिला पडदे दिले होते. चार वर्ग एकाच दालनात, मधे चादरी टांगलेल्या. बीजगणित चालू असताना पलीकडून इतिहास ऐकू यायचा. रसायनशास्त्राचे प्रयोग फळ्यावर व्हायचे. बाई परीक्षानळी काढायच्या, तिच्यात निळा खडू भरायच्या, आणि म्हणायच्या, "आता हे तापलं असं समजा." डोरीन पाच महिने समजत होती. या तळघराला मान्यता नव्हती. आम्ही सगळे हे जाणून होतो, जसं घराचं छप्पर गळतं हे जाणून असतो. पाऊस पडेपर्यंत बोलायचं नाही.

"निदान आमच्या समितीतलं कुणी कोर्टासमोर थुंकायला तरी जात नाही," कॉन्स्टन्स म्हणत होती.

"तुम्ही कशाला जाल? थंडी असते. आम्ही गावासाठी उभं राहतो. पोरांना घेऊन उभं राहतो. तुमचा पोरगा कुठाय?"

"फ्रेडरिकचा इथे संबंध नाही."

"कनेटिकटला आहे, बोर्डिंगात. तिथे म्हणे घोड्यावर बसायला शिकवतात."

"ते आधीपासूनच ठरलेलं होतं."

"केव्हापासून? ऑगस्टपासून?"

कॉन्स्टन्सच्या गालावर लाल ठिपका आला. तिने हातमोज्याचं एकेक बोट नीट ओढलं. "आणि तुमची कार्लीन, मिसेस कूली? ती कुठे असते?"

"मावशीकडे. अख्ख्या गावाला माहितीये. मावशीला बरं नाही, पोरगी सेवा करते."

हे खरंच अख्ख्या गावाला माहीत होतं, कारण बर्डी दर सभेत सांगायची. माझी लेक सप्टेंबरपासून शाळेविना आहे, मी तक्रार करते का? मग टाळ्या पडायच्या. ओपलनेही वाजवल्या होत्या, शाईच्या हातांनी.

"सेवा करते, आणि दिवसा तिथल्या हायस्कूलमध्ये जाते," कॉन्स्टन्स म्हणाली. "वेस्ट व्हर्जिनियातल्या. डॉक्टरांचे मित्र तिथे शाळेच्या मंडळावर आहेत. तिथे चार वर्षांपूर्वीच काळी-गोरी मुलं एकत्र बसायला लागली."

मी कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"तिच्या वर्गात तीनच आहेत!" बर्डी म्हणाली. "आणि मागच्या बाकावर बसतात."

ओपलचा हात दाण्यांवर थांबला.

"कार्लीन शाळेत जाते?"

"तात्पुरती गं."

"तिला डिप्लोमा मिळेल?"

"आता शाळेत जाते म्हटल्यावर मिळणारच की. तू ना ओपल, मूळ मुद्दा सोडून..."

ओपलने खिशातून पत्र काढलं, घडी उलगडली, आणि ते वाचून दाखवलं. ती टाइप जितकं स्वच्छ करायची तितकंच स्वच्छ वाचायची, एकाही शब्दावर जोर न देता. मग तिने दोघींकडे पाहिलं. दोघींपैकी कुणीतरी काहीतरी सांगेल अशी तिची खरोखर अपेक्षा होती. पाच महिने तिने या दोघींचं म्हणणं अक्षर न अक्षर टाइप केलं होतं.

आधी बर्डी बोलली. आवाज एकदम मऊ. "अगं, एक वर्ष. पुढच्या वर्षी आपण तळघराची मोठी अकादमी करतोय. मान्यता मिळेल, सगळं मिळेल. डोरीन लहान आहे. कुणीतरी सोसल्याशिवाय चळवळ उभी राहते का?"

"आणि मिसेस लॅन्डिस, तुम्ही?" ओपल म्हणाली. "तुमचं म्हणणं शाळा उघडावी असंच ना? सोमवारी उघडतेय."

"हो, आमची भूमिका तीच आहे. तत्त्वतः." कॉन्स्टन्सने तत्त्व हा शब्द जपून, चिनी मातीच्या कपासारखा खाली ठेवला. "पण सोमवारीच कुणी जावं असं नाही. आधी वातावरण निवळू द्यावं. पहिलं जाणारं मूल उगाच डोळ्यांवर येतं. मे महिन्यापर्यंत, मला वाटतं..."

"जूनमध्ये डिप्लोमा पाठवायचाय."

"हो, ते जरा अडचणीचं आहे."

"डॉक्टर एक पत्र देतील का इस्पितळाला? तळघरातल्या शाळेबद्दल?"

"डॉक्टरांना अशा गोष्टीत पडता येत नाही. त्यांचे पेशंट दोन्हीकडचे आहेत."

मग एक चमत्कार झाला. सप्टेंबरपासून जे पास्टरांना, दोन वकिलांना आणि गिरणीच्या युनियनला जमलं नव्हतं ते ओपलच्या त्या पत्राने केलं. दोन्ही पक्षांची एकजूट झाली. बर्डीच्या लक्षात आलं की एक घर फुटलं तर शंभर फुटतील. कॉन्स्टन्सच्या लक्षात आलं की ते घर आपल्या पत्रकाचा आधार घेईल. दोघींनी खुर्च्या जवळ ओढल्या. कोट निघाला, हातमोजे निघाले. मी त्यांना कॉफी दिली, तीही आता पटकन दिली. पाऊण तासात संयुक्त पत्रक तयार झालं: हॅरो गॅपच्या कुठल्याही पालकाने आपलं मूल सोमवारी हायस्कूलमध्ये पाठवू नये. बर्डीला 'कधीही' हवं होतं, कॉन्स्टन्सला 'सध्या'. बराच वेळ त्यावर गेला. शेवटी 'सोमवारी' यावर दोघींचं जमलं, आणि त्यांनी एकमेकींचे हात हातात घेतले.

"चारशे पुरेत, सिस्टर ओपल," बर्डी म्हणाली. "शनिवारपर्यंत."

"आणि या वेळी कृपया एकाच बाजूला," कॉन्स्टन्स म्हणाली.

"बघते," ओपल म्हणाली.

बाहेर निसरडं होतं म्हणून कॉन्स्टन्सने बर्डीला आपल्या गाडीतून सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा. आठ घरांच्या पडद्यांनी ते पाहिलं.

ओपलने दाणे धुऊन शिजत घातले.  मी म्हणाले, "कार्लीन बघ ना. सेवा करते म्हणे."

"कॉफी फार पातळ झाली होती, लीओटा," ती म्हणाली.

यात कुणी थोरपणा शोधू नये. ओपलचं काळ्या मुलांबद्दलचं मत त्या दुपारी बदललं नाही. ती बावीस मुलं साठ मैल जायची, त्याबद्दल ती पूर्वी म्हणाली होती की रस्ता चांगला आहे. त्यांपैकी एकीची आई, मिसेस फील्ड्स, दर सोमवारी पहाटे मुलीला घेऊन आमच्या कोपऱ्यावर बसची वाट बघायची, सहा वर्षं, दोन मुलींसाठी. ओपलने तिला कधी आत बोलावलं नव्हतं. मीही नाही. मुलीला शिकवायचं म्हणजे काय काय करावं लागतं हे त्या कोपऱ्यावर दर सोमवारी दिसण्यासारखं होतं, पण आम्ही तिकडची खिडकी पहाटे उघडत नव्हतो. वारा यायचा.

साडेतीनला व्हर्जिल गिरणीतून आला, डोरीन तळघरातून. पाचला आम्ही जेवायला बसलो. घेवडा, मक्याचा पाव, हॅमचा उरलेला तुकडा, सफरचंदाचा मुरंबा. व्हर्जिलने प्रार्थना म्हटली, पावाला हात घातला आणि म्हणाला, "पंपावर ऐकलं, राखणदार आणि विवेकी एक झाले. चांगलं झालं. आता गाव एकदिलाने उभं राहील. सोमवारी एकही पोर जाणार नाही."

"आई, बाईंनी आज विचारलं, तुझ्या इस्पितळाचं काय झालं," डोरीन म्हणाली. "मी म्हटलं, अजून पत्र नाही."

"पत्र आलंय," ओपल म्हणाली. "तुझी जागा ठेवलीये. सोमवारी तू हायस्कूलला जाणार."

व्हर्जिलचा पाव हातातच राहिला. "कुठे?"

"हायस्कूलला."

"ओपल, तुला वेड लागलंय का? दोन्हीकडच्यांनी मिळून ठरवलंय! मला गिरणीत कुणी शेजारी बसू देणार नाही. डब्यात काय टाकतील सांगता येत नाही. अगं, जरा दम धर, सगळ्यांबरोबर..."

"सगळ्यांच्या पोरी शाळेत आहेत," ओपल म्हणाली. "कार्लीन कूली सप्टेंबरपासून जातेय. लॅन्डिसांचा पोरगा घोड्यावर बसतोय."

"कार्लीन तर मावशीची..." व्हर्जिल थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

डोरीनने हातातला काटा खाली ठेवला. "आई, सगळ्या शाळेत मी एकटी असेन?"

"एकटी कशी? बावीस जण आहेत ना."

"आई!"

"बाकावर बसायचं, फळ्याकडे बघायचं, घरी यायचं. तिथली प्रयोगशाळा अजून शाबूत आहे."

"आणि कुणी दगड मारला तर?" व्हर्जिल ओरडला. "आपल्याच लोकांनी? बर्डी कूली उभी असेल तिथे, पायऱ्यांवर!"

"असेलच." ओपलने त्याच्या ताटात घेवडा वाढला, मग डोरीनच्या, मग माझ्या.  वाढताना डाव भांड्यावर एकदा जोरात आपटला. मी म्हणणार होते की एवढी घाई नको, वातावरण निवळू दे. वाक्य तोंडापर्यंत आलं, तेव्हा लक्षात आलं की ते मी दुपारीच ऐकलंय. मी पाण्याचा घोट घेतला.

डोरीनने डोळे पुसले. "कुठला फ्रॉक घालू?" तिने विचारलं. भीतीने विचारलं की होकार म्हणून, ते मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

"निळा. वर जाड कोट." ओपल बसली, मांडीवर रुमाल पसरला. "आठला घंटा होते. पावणेआठला निघायचं. व्हर्जिल, तू शिफ्ट बदलून घे, ट्रक तू चालवशील. लीओटा, तू खिडकीच्या बाजूला बसशील, डोरीन आणि मी मधे. मी पायऱ्यांपाशी उतरून तिच्याबरोबर दारापर्यंत जाईन. सोमवारी, मंगळवारी आणि जूनपर्यंत रोज."